जेनेटसाठी खणलेला खड्डा

मी एक जुनी कुदळ आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझं पातं झिजून तळहाताएवढं उरलंय, दांडा तिसरा आहे आणि अंगावर एवढा गंज चढलाय की लोखंड कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते हे मलाच सांगता येत नाही. पण या किनाऱ्यावर माझ्याइतकी खोल गेलेली कुदळ दुसरी नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मला छाती नाही, ती गोष्ट वेगळी.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका चिखलाच्या खेड्यात, हॉब डॅगेट लोहाराच्या भट्टीवर झाला. हॉब बहिरा होता आणि भयंकर तापट. माझं पातं त्याने तीनदा लाल केलं, तीनदा पाण्यात विझवलं, तरी त्याचं समाधान होईना. शेवटी त्याने मला दगडावर आपटलं आणि लोखंडाला दात टेकवून त्याची थरथर जोखली. कान नव्हते ना, मग दातांनीच ऐकायचा. मग म्हणाला, "ही माणसापेक्षा जास्त टिकेल." मी अगदी फुगून गेले. पुढे त्याचं म्हणणं खरं ठरलं, पण त्यात फुगण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला समुद्र ओलांडावा लागला.

अकरा आठवडे आम्ही चाळीस कुदळी एका पिंपात गवतात गुंडाळून पडलो होतो. शेजारी खारवलेल्या मासळीची पिंपं, वर ओकणारी माणसं. एप्रिलात जहाज नव्या मुलखाला लागलं. नदी दुथडी भरून वाहत होती, पाणी गार आणि गोड. साहेबलोकांनी टोप्या काढून देवाचे आभार मानले आणि अगदी काठाशीच लाकडी खांब रोवून कोट उभा केला. त्या खांबांचे खड्डे मीच खणले. वस्तीचं नाव ठेवलं न्यू थॉर्नी. विहिरीचं नाव मात्र कोणी काढलं नाही. दारात एवढी नदी असताना विहीर खणायची म्हणजे वेडेपणा, असं सगळ्यांना वाटलं. समुद्र तिथून जेमतेम दोन मैलांवर होता, तो कोणाच्या डोक्यात आला नाही.

आता आमच्या माणसांची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. शंभरावर माणसं होती आणि त्यातली तीसेक खानदानी साहेबमंडळी. साहेबाने अवजाराला हात लावायचा नसतो. हा आळस नव्हे हं, हा नियम होता. तळहाताला घट्टा पडला की घराण्याची अब्रू गेली. तलवार चालेल, लगाम चालेल, कुदळ नाही. अवजारं सगळ्यांच्या सामाईक कोठारात असायची. सकाळी ढोल वाजला की ती कामकऱ्यांना वाटायची, संध्याकाळी ढोल वाजला की परत घ्यायची. ज्या कामाला दिली ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली तर ती चोरी. आणि चोरीला काय शिक्षा होती ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. एकाने दोन मुठी ओटचं पीठ उचललं म्हणून त्याला तीन दिवस ओकच्या झाडाला उन्हात बांधून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी त्याचं थडगं मीच खणलं.

कोठाराच्या किल्ल्या अँब्रोज टिल्नी नावाच्या साहेबाकडे होत्या. उंच, किडकिडीत माणूस. हातात कोकराच्या कातड्याचे पांढरे मोजे, टोपीला पीस. जूनमध्ये पाद्रीबुवा वारले, तेव्हापासून प्रार्थना म्हणणं आणि मेलेल्यांची यादी ठेवणं हेही त्याच्याकडेच आलं. माणूस ताठ होता पण खोटा नव्हता. सगळ्यांना मिळायचं तेवढंच पीठ तो स्वतःला घ्यायचा, चिमूटभरही जास्त नाही. म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

मे महिन्यात वरच्या ओढ्यात चमकणारी वाळू सापडली. झालं! सगळ्यांचं डोकंच फिरलं. पेरणी अर्धी राहिली, कोटाचं छप्पर अर्धं राहिलं आणि आम्ही सगळ्या कुदळी वाळू खणायला गेलो. सोनं, सोनं! ती वाळू पिंपात भरून जहाजाने इंग्लंडला पाठवायची, मग आम्हाला इथे पाठवणारी कंपनी खूश होऊन धान्य, माणसं, काय हवं ते पाठवील. वाळू माझ्या पात्याला लागली तेव्हाच मला कळलं होतं की हे काही सोनं नव्हे. पण कुदळीला कोण विचारतं?

त्याच सुमाराला वरच्या गावातली एक बाई अधूनमधून मका घेऊन यायची. तिथली मूळची माणसं ती, आमच्या आधी कितीतरी पिढ्या नदीकाठी राहणारी. ही बाई वयस्कर, गळ्यात शिंपल्यांची माळ. येताना स्वतःचं पाणी भोपळ्याच्या तुंब्यातून आणायची. जुलैतल्या एका दिवशी टिल्नीसाहेबाने मोठ्या अदबीने आपल्या चांदीच्या पेल्यात नदीचं पाणी भरून तिला दिलं. हा फार मोठा मान होता. तो पेला तो आपल्या माणसांनाही देत नसे. बाईने एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर थुंकून टाकला. मग ती कोटामागच्या उंचवट्याकडे हात करून काहीतरी बोलली, दोनदा बोलली. साहेब लालबुंद झाला. सगळ्यांना वाटलं, हिने आपला अपमान केला. तिला दाराबाहेर काढलं आणि पुन्हा यायचं नाही म्हणून सांगितलं. मानापमानाच्या भानगडीत त्या पाण्याला काय झालंय हे विचारायचं राहूनच गेलं.

पाण्याला झालं असं होतं की उन्हाळ्यात नदी आटली. भरतीच्या वेळी समुद्र आत शिरू लागला. ओहोटीला पाणी गढूळ, भरतीला खारट. माणसं तेच पीत होती. आधी पाय सुजायचे, मग हगवण लागायची, मग ताप. ऑगस्ट उजाडेपर्यंत मी एकोणतीस थडगी खणली होती. उंचवट्यावरच्या पाइनच्या झाडीमागे पुरायचं आणि वरची माती सपाट करून पाला पसरायचा, असा हुकूम होता. आपण किती उरलो हे बाहेरच्यांना कळू नये म्हणून. खूण नाही, क्रूस नाही.

ती थडगी खणणारा माणूस म्हणजे जाइल्स प्रूएट. त्याचा बाप, आजा, पणजा सगळे विहिरी खणणारे. जाइल्सला माती बघितली की चिमूटभर तोंडात घालायची खोड होती. बायको जेनेट त्याला म्हणायची, "घरात खायला नाही म्हणून चालवलंय का हे?" जेनेट पोटुशी होती, आठवा महिना. जुलैअखेर तिचेही पाय सुजले. जाइल्स घरून आला की माझ्या दांड्यावर हनुवटी टेकून नुसता उभा राहायचा. त्याचा घाम माझ्या लाकडात मुरला आहे, मित्रांनो. तो दांडा मोडला तरी मी तो विसरलेले नाही.

तो टिल्नीसाहेबाकडे गेला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होते. म्हणाला, उंचवट्यावर विहीर खणू द्या, दोन दिवस आणि एक कुदळ, बस्स. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, दहा दिवसांनी जहाज निघणार, तोवर प्रत्येक हात आणि प्रत्येक अवजार वाळूला, हा वस्तीच्या कारभारी मंडळाचा निर्णय आहे आणि तो मोडायचा मला अधिकार नाही. थडगी सोडून कशालाच कुदळ मिळणार नाही.

जाइल्स म्हणाला, "म्हणजे माणूस मेल्यावर खणायला मिळेल. जगवायला नाही."

"नियम मी केलेला नाही, प्रूएट," साहेब म्हणाला आणि मोज्यावरची धूळ झटकू लागला.

दुसऱ्या दिवशी तिसावं थडगं खणताना जाइल्सने सवयीने माती तोंडात टाकली आणि चावता चावता थांबला. गुडघ्याएवढ्या खोलीवर माती गार लागत होती. ऊन असं की आकाश फाटेल, आणि माती गार! त्याने बापाची युक्ती केली. जेनेटच्या टोपलीतून लोकरीचा पुंजका आणला, थडग्यापासून बरंच दूर, उंचवट्याच्या वरच्या अंगाला जमिनीत ठेवला आणि त्यावर वाडगा पालथा घालून संध्याकाळी घरी गेला. सकाळी वाडगा उचलला तर लोकर पिळता येईल इतकी ओली. जाइल्सने ती नाकाला लावली, डोळ्यांना लावली. नंतर कोठारातून मला त्याचा चेहरा दिसला तेव्हा मला भीतीच वाटली. पाणी खाली होतं, पण खणायला परवानगी होती ती फक्त थडग्याची, आणि त्या सकाळी कोणी मेलेलं नव्हतं.

तो कोठाराच्या रांगेत उभा राहिला. टिल्नीसाहेबाने विचारलं, "थडगं? कोणाचं?"

"माझ्या बायकोचं, साहेब."

साहेबाने टोपी काढली. कधी गेली म्हणून विचारलं. जाइल्स म्हणाला, गेली नाही अजून, पण उद्याचा दिवस काढणार नाही, आणि या उन्हात मागून खणत बसायला वेळ नसतो. खोटं बोलताना त्याचा आवाज जराही हलला नाही, कारण त्यातलं अर्धं त्याला खरंच वाटत होतं. साहेबाने स्वतः मला उचलायला हात पुढे केला, मग नियम आठवून मागे घेतला आणि मान हलवली. जाइल्सने मला खांद्यावर टाकलं.

सोबत थॉमसिन क्रेक होती. विधवा बाई, साहेबलोकांचे कपडे धुणारी, जिभेला हाड नसलेली. तिच्या धुण्याची बादली आणि दोर हीच आमची सामग्री. तिला जाइल्सने सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, पकडलो गेलो तर मला तुझ्याच झाडाला बांधतील, आणि तुझं तोंड बघत मरायची माझी अजिबात इच्छा नाही, तेव्हा लवकर आटप.

मी खणू लागले. वर भुसभुशीत माती, मग मुळं, मग लालसर चिकणमाती. जाइल्स कंबरेएवढा खाली गेला, मग गळ्याएवढा. भिंतीला पाय ठेवायला खाचा करत गेला. थॉमसिन पाइनच्या फांदीवरून दोर टाकून बादल्या ओढायची आणि माती पाल्याखाली लपवायची. आठ हात खोल गेलो आणि संध्याकाळचा ढोल वाजला. पाणी नव्हतं, पण माझ्या पात्याला ओली वाळू चिकटली होती. जाइल्सने ती पुसली, घाईत नीट पुसली गेली नाही.

कोठारात टिल्नीसाहेबाने माझ्या पात्यावरून मोज्यातलं एक बोट फिरवलं, तपासणीपुरतं एवढं नियमात बसायचं. मोज्याला ओलं लागलं. त्याने बोटाकडे पाहिलं. "तीन आठवडे पाऊस नाही, प्रूएट."

मला वाटलं, संपलं सगळं. जाइल्सने घामेजलेला चेहरा बाहीने पुसला. साहेब त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि त्याची समजूत झाली की हे अश्रूच असणार. माणूस थडगं खणताखणता रडला असेल. साहेबाचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाला, घंटा नाही आपल्याकडे, पण आपल्या गावी माणूस जायला टेकलं की जीव जाईपर्यंत घंटा वाजवतात तसा मी तुझ्या बायकोसाठी उद्या सकाळपासून ढोल वाजवायला लावतो. लोक प्रार्थना करतील. आणि त्याने सगळ्यांसमोर मेलेल्यांच्या यादीत जेनेट प्रूएट हे नाव आधीच लिहून ठेवलं.

सकाळी तो ढोल वाजला, संथ, एकेक ठोका. जेनेट झोपडीत पडून ऐकत होती. पुढे विहिरीवर ती ही गोष्ट इतक्यांदा सांगायची की मला पाठ आहे. तिने थॉमसिनला विचारलं, "आज कोण चाललंय?" थॉमसिन म्हणाली, "तू." आणि मग खड्ड्याचं सगळं सांगितलं. जेनेटने सगळं ऐकून घेतलं. ओठ फुटलेले, पोटावर हात.

मग म्हणाली, "थॉमसिन, मी आज मरता कामा नये. मेले तर तो आहे तेवढ्यावरच थांबेल. तेवढा खड्डा मला पुरतो."

थडगं पुरं व्हायचंय असं सांगून जाइल्सने मला पुन्हा घेतलं आणि त्या दिवशी असं चालवलं की हॉबच्या भट्टीतसुद्धा मी तेवढी तापले नव्हते. प्रत्येक घावाला ढोलाचा ठोका ऐकू यायचा. ढोल थांबला असता तर जेनेट गेली असं समजायचं. म्हणून जाइल्स घाव घालायचा, थांबायचा, ऐकायचा, पुन्हा घाव घालायचा. दहा हात. अकरा हात. चिकणमाती संपली आणि पिवळी वाळू लागली, ओली पण पाण्याशिवाय. वाळू म्हणजे वाईट. भिंतीला फळ्यांचा आधार हवा होता आणि फळ्या कोठारात होत्या. जाइल्सला ते कळत होतं. त्याचा पणजा असाच वाळूत गेला होता.

दुपारी वरून थॉमसिनचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. "या साहेब, या! कपडे उद्या देते म्हटलं होतं ना मी!"

टिल्नीसाहेब आला होता. हातात प्रार्थनेचं पुस्तक. तो हेरगिरीला आला नव्हता, बिचारा, तो बाईला नीट मूठमाती द्यायची म्हणून जागा बघायला आला होता. त्याने मातीचा ढीग पाहिला, दोर पाहिला, मग वाकून खाली पाहिलं.

"थडगं गोल का आहे?" त्याने विचारलं.

साहेबाला समजायला वेळ लागला नाही. तो ओरडला नाही. त्याने एवढंच म्हटलं की तू माझ्याशी खोटं बोललास, मी तुझ्या बायकोसाठी ढोल वाजवला, आणि आता मला तुला झाडाला बांधावं लागेल. जाइल्सने खालून एक तास मागितला. एकच तास, साहेब. वाळू ओली आहे. साहेब म्हणाला, आधी कंपनीची कुदळ वर पाठव, मग तू ये.

जाइल्सने मला बादलीत उभी केली. मी वर जाताना त्याने माझ्या पात्यावर एकदा थोपटलं. थॉमसिनने मला ओढून काढलं आणि साहेबाच्या पायाशी टाकलं. जाइल्सने खाचेत पाय ठेवला आणि भिंत सुटली.

फार मोठा आवाज झाला नाही. पिशवीतून धान्य सांडावं तसा. थॉमसिनने वाकून पाहिलं तर जाइल्स छातीपर्यंत वाळूत गाडला गेला होता, एक हात वर, एक आत. तोंड उघडं होतं पण ओरडता येत नव्हतं. श्वास सोडला की वाळू आवळायची.

वाळू काढणारी माणसं अर्ध्या मैलावर होती. थॉमसिनने साहेबाकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "टिल्नीसाहेब, एकतर ती कुदळ उचला, नाहीतर ते पुस्तक उघडा."

मित्रांनो, मी त्याच्या बुटांशी पडले होते. त्याच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक स्नायू मला दिसत होता. पिढ्यान् पिढ्या त्याच्या घरात कोणी माझ्यासारखीला शिवलं नव्हतं. त्याने मोजे काढले. घडी करून पुस्तकात ठेवायला गेला, मग तसेच फेकले. आणि मला उचललं. काय तो हात! लोण्यासारखा. मला दांड्याच्या मधोमध धरलं, लहान मूल चमचा धरतं तसं. पण धरलं.

दोर कंबरेला बांधून तो खाली उतरला. उरलेली भिंतही हळूहळू झडत होती. जाइल्स तुटक आवाजात सांगू लागला. आडवी धरा. माझ्यापासून दूर ओढा. मारू नका, ओढा. पहिल्याच घावाला मी जाइल्सच्या खांद्यावर बसले असते, मी जीव खाऊन वळले, किंवा साहेबाचं मनगट वळलं, आणि केसाच्या अंतराने वाळूत गेले. मग त्याला लय सापडली. मी ओढायची, तो हातांनी बादली भरायचा, थॉमसिन वर ओढायची. छाती सुटली. कंबर सुटली. साहेबाच्या तळव्यांची सालं निघून माझा दांडा रक्ताने निसरडा झाला, तरी तो थांबला नाही. आणि मग जाइल्स एकदम म्हणाला, "थांबा."

"काय झालं?"

"माझे पाय गार पडलेत."

साहेबाला वाटलं, हा आता जाणार. पण जाइल्सच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं. वाळूतून काळसर ओल वर येत होती. ती चकाकू लागली. बुडबुडे आले. पाणी! पण पाणी आलं की ओली वाळू पाय जास्तच धरून ठेवते, हे जाइल्सला माहीत होतं. त्याने साहेबाला सांगितलं, आता मला सोडून वर जा. साहेबाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी त्याला चोरी करायला सांगितलीय. त्याने मला आडवं जाइल्सच्या काखेखाली घातलं, माझी दोन्ही टोकं भिंतीत रुतवली, दोर जाइल्सला बांधला आणि थॉमसिनला ओढायला सांगून स्वतः पाण्यात गुडघे टेकून हातांनी पाय उकरू लागला. माझा दांडा कर्रकन वाजला. मी मनात म्हटलं, मोडेन पण आत्ता नाही.

एक पाय सुटला. मग दुसरा. जाइल्सचा एक जोडा अजूनही तिथेच खाली आहे.

वर आल्यावर दोघे पालथे पडून धापा टाकत राहिले. कोण साहेब आणि कोण कामकरी हे आईलासुद्धा ओळखता आलं नसतं. थॉमसिनने बादली सोडली, गढूळ पाणी काढलं आणि तिच्याकडच्या एका साहेबी सदऱ्यातून गाळलं. सदरा टिल्नीसाहेबाचाच होता. जाइल्सने बोट बुडवून जिभेला लावलं. तो रडायला लागला. साहेबाने घाबरून विचारलं, खारट आहे का? जाइल्सने मान हलवून नाही म्हटलं.

तेव्हा आमच्या लक्षात आलं, ढोल थांबला होता.

कधी थांबला कोणाला ठाऊक. जाइल्स एका पायात जोडा, एक पाय अनवाणी, असा पाण्याचं मडकं घेऊन धावत सुटला. मी तिथेच पडले होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब वेळ. शेवटी थॉमसिन परत आली, खाली बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. ढोल वाजवणाऱ्याचे हात दुखले म्हणून तो जेवायला गेला होता. जेनेट जिवंत होती. पहिलं मडकं संपवून दुसरं मागत होती.

आता प्रश्न उरला झाडाचा. नियम तर मोडला होता. संध्याकाळी मंडळासमोर टिल्नीसाहेब उभा राहिला, तळहातांना फडकी बांधलेली. जन्मात खोटं न बोललेला माणूस. तो म्हणाला, कुदळ थडग्यासाठी दिली होती आणि थडगंच खणलं गेलं आहे, बाईचं नाव यादीत आहे. थडग्यात पाणी लागलं, त्याला मी काय करू? मंडळातले निम्मे तापाने पडलेले होते आणि उरलेले तहानलेले. कोणी पुढे विचारलं नाही. यादी बदलायची म्हणजे थडगं खोटं ठरणार, म्हणून साहेबाने ते नाव खोडलं नाही. आठवड्याभराने जहाज वाळूची पिंपं आणि त्या यादीची नक्कल घेऊन निघून गेलं. वाळू तिकडे रस्त्याच्या खड्ड्यात टाकली म्हणे. आणि यादीत नाव वाचून जेनेटच्या भावाने तिच्यासाठी गावच्या देवळात घंटा वाजवली.

फळ्या मिळाल्या, विहीर बांधून झाली आणि माणसं मरायची थांबली. सगळी नाही, पण बरीचशी. सप्टेंबरात जेनेटला मुलगी झाली, सिसली. जेनेट रोज मडकं कमरेवर घेऊन निघायची आणि शेजारणींना सांगायची, "जरा माझ्या थडग्यावर जाऊन येते गं." नव्या आलेल्या बायका दचकायच्या. तिला त्यात फार मजा वाटायची.

वरच्या गावची ती बाई एकदा परत आली. जेनेटनेच तिला विहिरीवर नेलं. बाईने पाणी चाखलं, उंचवट्याकडे हात केला आणि पुन्हा तेच बोलली, जुलैत बोलली होती ते. यावेळी कोणाला अर्थ विचारावा लागला नाही. टिल्नीसाहेबाने मान खाली घातली. त्यानंतर तिच्या लोकांशी आम्ही चांगले वागलो, असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आमची कुंपणं वाढत गेली, तिचं गाव वर वर सरकत गेलं, आणि त्या कुंपणांचे खड्डे मीच खणले. तिने आम्हाला पाणी दाखवलं होतं. हे मला अजून टोचतं.

दर वसंतात विहिरीतला गाळ काढायला टिल्नीसाहेब स्वतः यायचा. मला कोणी दुसऱ्याने धरलेलं त्याला खपत नसे. त्याच्या तळव्यांना चांगले दणदणीत घट्टे पडले होते आणि ते तो लोकांना दाखवायचा.

एकतीस वर्षांनी जेनेट खरोखर गेली, म्हातारी होऊन, झोपेत. जाइल्सने मला खुंटीवरून काढलं. सिसली म्हणाली, बाबा, राहू द्या, मी खणते. त्याने ऐकलं नाही. विहिरीपासून बरंच दूर त्याने लांबट खड्डा सुरू केला. इतक्या सावकाश त्याने मला कधीच चालवलं नव्हतं. माणसाच्या उंचीएवढं झालं आणि तो थांबला. माझं पातं आत टेकवून उभा राहिला, जणू अजून थोडं खाली काहीतरी मिळेल. मग हळूच मला बाहेर ठेवलं.

टिल्नीसाहेब काठी टेकत आला. प्रार्थना म्हणून झाल्यावर सिसलीने यादीची वही पुढे केली. त्याने लेखणी हातात घेतली आणि तशीच परत दिली.

"हिचं नाव मी एकदा लिहिलंय," तो म्हणाला. "पुन्हा नाही लिहवत."

पुढे वस्ती वरच्या अंगाला हलली. मला विहिरीच्या खांबावर टांगून गेले ते गेलेच. दोर कुजला, मी गवतात पडले आणि अजून तिथेच आहे. मित्रांनो, माझा गंज काढा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी एखादी कुदळ असेल तर ती माणूस गेल्यावरच बाहेर काढू नका. आधीच काढा. माती तीच असते, घामही तेवढाच लागतो. फक्त माणसाच्या उंचीवर थांबायचं नसतं, आणखी थोडं खाली जायचं असतं.